एसएसडी बदलण्याआधी: डब्यावरचा कोणता आकडा कोणाचा?

लॅपटॉप रखडायला लागला की एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांत माहिती ठेवणारी डिस्क) टाकायची, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. गडबड पुढे होते. ऑनलाइन सेलमध्ये एम.२ ची पट्टी (छोट्या पट्टीच्या आकाराची एसएसडी) मागवली जाते, ती स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि संगणकाला ती दिसतच नाही. किंवा दिसते, पण क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करताना जागा कमी पडली म्हणून काम अडतं. किंवा सगळं पार पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन) ४८ आकडी किल्ली मागत बसतो, जी कुणी कधी लिहून ठेवलेली नसते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो, होटगी रोडवरच्या सीएची केबिन असो की घरातला मुलांचा लॅपटॉप, चुका त्याच त्या.

या चुकांचं मूळ एकच आहे. डब्यावर छापलेलं सगळं एका कुणी ठरवलेलं नसतं. पट्टीचा आकार एका संस्थेचा, संगणकाशी बोलायची रीत दुसरीची, क्षमतेचा हिशोब तिसरीचा, आयुष्य मोजायची पद्धत चौथीची. आपण मात्र एकीचं उत्तर दुसरीच्या प्रश्नाला चिकटवतो. 'एम.२ आहे म्हणजे फास्टच असणार' हे त्याचं सगळ्यात महागात पडणारं उदाहरण.

## कोणता प्रश्न कोणाकडे

- डिस्कची लांबी-रुंदी-जाडी, स्क्रूची भोकं: एसएनआयए या संघटनेखाली चालणारा एसएफएफ गट. अडीच इंची डिस्कची मापं त्यांच्या एसएफएफ-८२०१ या दस्तऐवजात आहेत.
- एम.२ स्लॉट, त्याच्या खाचा, पीसीआयई लेन (माहिती नेणाऱ्या वाटा): पीसीआय-सिग.
- साटा या जुन्या पद्धतीची जोडणी आणि वेग: साटा-आयओ. साटा डिस्कला दिले जाणारे हुकूम मात्र टी१३ समितीचे.
- एनव्हीएमई (एसएसडीशी बोलायची नवी, जलद रीत): एनव्हीएम एक्सप्रेस ही संस्था. पहिली आवृत्ती २०११ ची.
- अमुक जीबीच्या डिस्कमध्ये सेक्टर (माहिती ठेवायचे छोटे कप्पे) किती: इडेमा.
- आयुष्य आणि माहिती टिकण्याची मुदत कशी मोजायची: जेडेक.
- मेमरी कार्ड: एसडी असोसिएशन. बाहेरची डिस्क ज्या केबलने लावता ती: यूएसबी-आयएफ.

यांतली एकही संस्था 'तुमच्या लॅपटॉपमध्ये ही पट्टी चालेल' असं सांगत नाही. ते लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आपल्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांकही दिसतो. तो विजेच्या सुरक्षिततेचा आहे, वेगाशी त्याचं काही नातं नाही. दुकानदार तो दाखवून 'गव्हर्नमेंट अ‍ॅप्रूव्ड स्पीड' म्हणाला तर हसून सोडून द्या.

## पायरी १: घरीच नोंद करा

दुकानात उभं राहून फोनवर मॉडेल शोधणं म्हणजे चुकीला आमंत्रण. निघण्याआधी एका कागदावर एवढं उतरवा:

1. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर. मालिकेचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली कंपनी तीन-चार वर्षं वेगवेगळे मदरबोर्ड विकते. शेवटची दोन अक्षरं वेगळी, तर आतला स्लॉटही वेगळा असू शकतो.
2. त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल. कंपनीच्या साइटवर ते बहुधा फुकट मिळतं. त्यात स्टोरेजचं पान उघडा आणि तीन गोष्टी टिपा: स्लॉट किती, पट्टीची लांबी किती, आणि प्रत्येक स्लॉटला साटा चालतं, पीसीआयई चालतं की दोन्ही.
3. सध्याच्या डिस्कची क्षमता. शक्य असेल तर सेक्टरच्या आकड्यासकट. तो का लागतो ते पायरी ४ मध्ये येईल.
4. विंडोज यूईएफआयमध्ये (संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने) चालतं की जुन्या लेगसी पद्धतीने. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'बायोस मोड'च्या ओळीत दिसतं.
5. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू आहे का. नव्या लॅपटॉपांत ते मालकाला न विचारता सुरू झालेलं असतं. सुरू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ आकडी किल्ली आजच कागदावर उतरवा.

थांबा: पाचवा मुद्दा राहिला असेल तर पुढे जाऊ नका. बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर माहिती जाते. खातं बहुतेकदा मुलाच्या नाहीतर जुन्या अकाउंटंटच्या ईमेलवर उघडलेलं असतं, हेही ध्यानात असू द्या.

## पायरी २: आकार जुळवा

जुन्या लॅपटॉपात आणि डेस्कटॉपात अडीच इंची डिस्क बसते. एसएसडी जवळपास सगळ्या ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. जुन्या हार्ड डिस्क बऱ्याचदा ९.५ मिलिमीटरच्या. म्हणजे नवी डिस्क जुन्या जागेत ढिली राहील. काही डब्यांत प्लास्टिकची चौकट येते, ती लावायची; नसेल तर दुकानातून मागून घ्या. पुठ्ठ्याची घडी कोंबू नका. डेस्कटॉपला साडेतीन इंची खणासाठी पत्र्याचा ब्रॅकेट मिळतो.

एम.२ ला जरा वेळ द्या. पट्टीवरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. तसेच २२३० आणि २२४२. लांब पट्टी आखूड जागेत बसणार नाही हे उघड आहे. आखूड पट्टी लांब जागेत बसते, पण स्क्रूचं भोक त्या अंतरावर नसेल तर ती हवेत तरंगते. अशा पट्ट्या चिकटपट्टीने दाबून दिलेल्याही पाहिल्यात. उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि पट्टी वर येते.

आता खाचा. पट्टीच्या सोनेरी टोकाकडे चिपच्या बाजूने बघा. एका कडेला ५ पिना सुट्या असतील तर ती 'एम' खाच. दुसऱ्या कडेला ६ पिना सुट्या असतील तर ती 'बी' खाच. एनव्हीएमईच्या चार लेनच्या पट्टीला फक्त 'एम' असते. साटाच्या एम.२ पट्टीला बहुधा दोन्ही असतात. दोन्ही खाचांची पट्टी 'एम' स्लॉटमध्येही जाते आणि 'बी' स्लॉटमध्येही. नेमकी इथेच फसगत होते: बसली म्हणजे चालली असं नाही. खाच फक्त पट्टी आत जाईल का ते सांगते, आतल्या तारा कुठे जोडल्यात ते सांगत नाही.

आणखी एक. उघडल्यावर मोकळा दिसणारा प्रत्येक छोटा स्लॉट स्टोरेजचा नसतो. वायफाय कार्डाचा स्लॉटही एम.२च असतो, खाच वेगळी. ऑफिसच्या लॅपटॉपांत सिमकार्डवाल्या मोडेमसाठी ठेवलेला 'बी' स्लॉट असतो. त्यात काही मॉडेलांत छोटी एसएसडी चालते, काहींत नाही. मॅन्युअल म्हणेल ते खरं.

तपासा: कागदावर आता 'अडीच इंची, ७ मिमी' किंवा 'एम.२, २२८०, एम खाच' असं नेमकं लिहिलेलं असलं पाहिजे.

## पायरी ३: बोली जुळवा

एम.२ हा आकार. साटा आणि एनव्हीएमई या त्यातून बोलायच्या दोन बोल्या; एनव्हीएमई पीसीआयईच्या तारांवरून बोलते. एम.२ स्लॉट फक्त साटा समजणारा असू शकतो, फक्त पीसीआयई समजणारा असू शकतो, किंवा दोन्ही. २०१४ ते २०१६ च्या सुमाराच्या लॅपटॉपांत फक्त साटावाले स्लॉट पुष्कळ सापडतात. त्यात एनव्हीएमई पट्टी घातली की बायोसला (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) काहीच दिसत नाही. दुकानदार 'पट्टी खराब निघाली' म्हणतो, बदलून दुसरी देतो, तीही दिसत नाही. पट्टी चांगलीच असते. उलटही होतं: नव्या लॅपटॉपात स्वस्त मिळाली म्हणून साटाची एम.२ पट्टी आणली जाते, आणि स्लॉट फक्त पीसीआयईचा निघतो.

वेगाचे आकडे असे वाचा. साटाचा सध्याचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट (पुढचे सगळे वेगही सेकंदाचेच). एन्कोडिंगचा वाटा वजा जाता कमाल ६०० एमबी आणि प्रत्यक्षात ५५० च्या आसपास. त्यामुळे कोणत्याही साटा एसएसडीवर ५५० किंवा ५६० लिहिलेलं असतं. त्यात जास्त पैसे देऊन वेग मिळत नाही, कारण छत जोडणीचं आहे. साटा-आयओ स्वतः 'साटा थ्री' म्हणू नका, '६ गिगाबिट' म्हणा असं सांगते, कारण 'थ्री' ऐकून काही जण ३ गिगाबिट समजतात. तुमचा जुना बोर्ड खरोखर ३ गिगाबिटचा असेल तर आकडा अर्धा होईल. तरी बदल करण्यासारखा आहे. रखडणं थांबतं ते छोट्या छोट्या फायली पटापट सापडल्यामुळे, कमाल वेगामुळे नव्हे.

एनव्हीएमईमध्ये पीसीआयई ३.० च्या चार लेन म्हणजे साधारण ३,५०० एमबी, ४.० च्या म्हणजे ७,००० एमबी. नवी पट्टी जुन्या स्लॉटमध्ये चालते, फक्त दोघांत जे कमी त्या वेगाने. लॅपटॉप ३.० चा असेल तर ५.० ची पट्टी घेऊन पैसे घालवू नका. ती जास्त तापतेही.

जुन्या डेस्कटॉपवाल्यांसाठी: पीसीआयई स्लॉटमध्ये अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई बसवता येते आणि विंडोजमध्ये ती दिसतेही. पण त्यावरून संगणक सुरू व्हायला बायोसला एनव्हीएमई समजावं लागतं. जुन्या बायोसला समजत नाही. अशा वेळी सरळ साटा घ्या.

थांबा: अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय सुरू असते. नव्याने विंडोज टाकताना 'डिस्क सापडली नाही' असा निरोप येतो. डिस्क ठीक असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. चालू विंडोज असलेल्या मशीनवर व्हीएमडी सहज म्हणून बंद करू नका. विंडोज उठणार नाही.

सीसीटीव्हीसाठी मोठी साडेतीन इंची हार्ड डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर लावणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो: डिस्क फिरतच नाही. २०१६ च्या साटा ३.३ मध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं गेलं. त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, म्हणजे दूरवरच्या सर्व्हरमधली डिस्क बंद-चालू करता यावी. जुने सप्लाय त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देतात. उपाय सोपा आहे: चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा पॉवर घ्या, त्यात ३.३ ची तारच नसते. डिस्क परत पाठवण्याआधी हे करून बघा.

## पायरी ४: सेक्टर मोजा, मगच क्लोनचा विचार

'२५६ ची काढतोय, २४० ची घालतोय, सोळाचाच तर फरक.' क्लोन फसण्याचं पहिलं कारण हेच वाक्य.

एकाच क्षमतेच्या दोन कंपन्यांच्या डिस्क एकमेकींच्या जागी लावता याव्यात म्हणून इडेमाने एक सूत्र ठरवलंय. ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर: जीबीच्या आकड्यातून ५० वजा करा, १९,५३,५०४ ने गुणा, त्यात ९,७६,९६,३६८ मिळवा. ५०० जीबीला येतात ९७,६७,७३,१६८ सेक्टर आणि १ टीबीला १,९५,३५,२५,१६८. कंपनी कोणतीही असो, आकडा हाच. म्हणून ५०० वरून ५०० वर क्लोन बिनधास्त होतो. २५६ ला येतात ५०,०१,१८,१९२ आणि २४० ला ४६,८८,६२,१२८. तीन कोटींहून जास्त सेक्टर कमी. ५०० वरून ४८० वर जातानाही तीच गत.

लहान डिस्कवर जाता येत नाही असं नाही. आधी जुन्या डिस्कवरची माहिती कमी करा, 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सी ड्राइव्ह आक्रसून घ्या, आणि शेवटी बसलेलं रिकव्हरी पार्टिशन आड येतंय का बघा. ते डिस्कच्या अगदी शेपटाला असतं. सी आक्रसला तरी ते तिथेच राहतं आणि क्लोन अडतो. हा सगळा खटाटोप नको असेल तर समान किंवा मोठी डिस्क घ्या. मी तरी तेच सांगतो.

सेक्टरचा आकडा हार्ड डिस्कच्या लेबलवर बहुधा 'एलबीए' म्हणून छापलेला असतो. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मधला आकडा यासाठी वापरू नका. ते जुन्या सिलिंडरच्या हिशोबाने खाली पूर्ण करून थोडा कमी दाखवतं.

आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. ५०० ची ४६५ दिसते, २४० ची २२३. भांडायचं असेल तर ९३१ च्या जागी ८९० दिसली तेव्हा.

## पायरी ५: आयुष्याचा आकडा आणि सोलापूरचं ऊन

जेडेकच्या जेईएसडी-२१८ मध्ये दोन वर्ग आहेत. घर-ऑफिसच्या एसएसडीसाठी: दिवसाला ८ तास वापर, चालू असताना ४० अंश, आणि बंद ठेवल्यावर ३० अंशात माहिती १ वर्ष टिकली पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीसाठी: २४ तास, ५५ अंश, आणि बंद असताना ४० अंशात ३ महिने.

हे वाचून दोन गैरसमज होतात. पहिला: '४० च्या वर गेली तर बिघडणार.' नाही. ते मोजमापासाठी धरलेलं तापमान आहे. घरगुती एसएसडी किती अंशापर्यंत चालते ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं, बहुधा ७० अंश. दुसरा: 'एसएसडी कपाटात ठेवली की वर्षात कोरी.' तेही नाही. ती मुदत आयुष्यभराचं लिखाण संपवलेल्या डिस्कची आहे. नवी डिस्क कितीतरी जास्त टिकते.

पण ऊन दुर्लक्षण्यासारखं नाही. बंद डिस्क जितकी गरम जागी ठेवाल तितकी माहिती लवकर विरते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या लोखंडी कपाटात त्याहून वर जातो. तिथे गेल्या पाच वर्षांच्या हिशोबाचा एकुलता एक बॅकअप जुन्या एसएसडीवर ठेवणं शहाणपणाचं नाही. दीर्घ मुदतीचा बॅकअप हार्ड डिस्कवर घ्या, घरात सावलीत ठेवा, वर्षातून दोनदा लावून उघडून बघा.

डब्यावरचा टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतील ते. १ टीबीच्या पट्टीला ६०० हा नेहमी दिसणारा आकडा. टॅली, ईमेल, थोडं एक्सेल असं ऑफिस दिवसाला २० जीबी लिहितं असं धरलं, तर वर्षाला ७.३ टीबी. ६०० संपायला ऐंशी वर्षं. तेव्हा या आकड्यासाठी हजार रुपये जास्त देऊ नका.

सीसीटीव्ही वेगळं. ४ मेगाबिटचे ८ कॅमेरे म्हणजे सेकंदाला ४ एमबी, दिवसाला साधारण ३४५ जीबी, वर्षाला १२६ टीबी. तीच पट्टी पाच वर्षांच्या आत संपेल, आणि १ टीबीत तीन दिवसांचंही चित्रण मावणार नाही. तिथे पाळतीसाठी म्हणून मिळणारी हार्ड डिस्कच लावा.

## पायरी ६: दुकानात

कागद पुढे ठेवा आणि 'एक टीबी एसएसडी द्या' असं म्हणू नका. 'एम.२, २२८०, एनव्हीएमई, पीसीआयई ३ किंवा ४, १ टीबी' असं सांगा. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. साटा आणि एनव्हीएमई मॉडेलांच्या नावात कधीकधी एका अक्षराचाच फरक असतो, आणि बिलावर नुसतं 'एसएसडी १ नग' असेल तर बदलून मागताना तोंडाला पानं पुसली जातात.

क्लोनसाठी बाहेरची केस घेणार असाल तर तिथेही बोली बघा: एनव्हीएमईची केस साटा पट्टी वाचेलच असं नाही. यूएसबीच्या नावांचा यूएसबी-आयएफने इतका घोळ घातलाय की नाव वाचण्यात अर्थ नाही. '३.२ जेन १' म्हणजे जुनंच ५ गिगाबिट. डब्यावर ५, १०, २० यांपैकी कोणता गिगाबिटचा आकडा आहे तेवढं पाहा.

फोटोवाल्यांसाठी थोडक्यात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत किंवा लग्नात ४के चित्रण करताना कार्ड मध्येच थांबतं, कारण घेताना मोठा आकडा बघितलेला असतो. तो वाचनाचा वेग असतो, 'पर्यंत' असतो. एसडी असोसिएशनचं चिन्ह बघा: व्ही३० म्हणजे सतत लिहिताना किमान ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०. यूएचएस-१ जोडणीचं छत १०४ एमबी आहे. तरी कार्डावर १७० किंवा २०० लिहिलेलं दिसतं, कारण तो वेग त्या कंपनीच्या स्वतःच्या युक्तीचा आणि तिच्या रीडरपुरता असतो. कॅमेऱ्यात तो मिळत नाही.

## पायरी ७: बदल करण्याचा क्रम

1. महत्त्वाच्या फायली वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. क्लोन करताना 'सोर्स' आणि 'टार्गेट' उलटे निवडणारे दरवर्षी भेटतात.
2. बिटलॉकर तात्पुरता थांबवा. किल्ली कागदावर आहे ना, पुन्हा बघा.
3. नवी पट्टी केसमध्ये लावून क्लोन करा. एम.२ स्लॉट रिकामा असेल तर थेट तिथेच बसवून केलं तरी चालेल.
4. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन पूर्ण बंद करा. चार्जर काढा. झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची जोडणी सोडवा.
5. मागाच्या शेडजवळच्या मशीनमध्ये सुताचा तूस पंख्यात आणि स्लॉटमध्येही बसलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने स्लॉट झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा शिंतोडा पिनांवर जातो.
6. एम.२ पट्टी तिरकी धरून शेवटपर्यंत सरकवा. सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या की मग आडवी दाबून स्क्रू लावा. स्क्रू बोटांच्या जोराने, आवळून नाही.
7. पट्टीवरचं लेबल सोलू नका. काहींमध्ये ते उष्णता पसरवायला असतं, आणि सोललं की वॉरंटी गेली.
8. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. क्लोन झालेल्या दोन डिस्कची ओळख एकच असते. दोन्ही लावल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा गुपचूप जुनीवरूनच सुरू होतं. मग 'एसएसडी लावूनही फरक नाही' अशी तक्रार येते.

तपासा: बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का. दिसत नसेल तर पुन्हा काढून बसवा. पट्टी अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली तरी दिसत नाही. तरीही नाही दिसली तर पायरी ३ पुन्हा वाचा.

## पायरी ८: खरी आहे का, पूर्ण वेगाने चालते का

क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट साधन उघडा. 'ट्रान्सफर मोड'मध्ये दोन आकडे दिसतात: आत्ता जोडलेला आणि डिस्कला शक्य असलेला. साटाला दोन्हीकडे ६०० हवं, एनव्हीएमईला लेन चार हव्यात. चारच्या जागी दोन दिसल्या तर एक तर स्लॉटच दोन लेनचा आहे, नाहीतर पट्टी नीट बसलेली नाही.

नंतर किती तास चाललीय ते बघा. नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर शेकडो तास असतील तर ती वापरलेली आहे. लगेच परत करा.

आरोग्याचे आकडे वाचताना साटा आणि एनव्हीएमईमधला फरक लक्षात ठेवा. साटामध्ये स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीची) माहिती मागायची कशी हे टी१३ ने ठरवलंय, पण बऱ्याच रकान्यांचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापला लावते. म्हणून एका कंपनीच्या डिस्कवरचा भलामोठा 'एरर रेट' पाहून घाबरायचं नसतं. एनव्हीएमईमध्ये रकाने मानकातच बांधलेत. 'पर्सेंटेज यूज्ड' म्हणजे आयुष्याचा किती भाग वापरला. तो १०० च्या पुढेही जाऊ शकतो, तेव्हा १०० झालं म्हणजे त्याच क्षणी बंद पडली असं नाही, पण नवी मागवायची वेळ झाली. 'मीडिया एरर'चा रकाना मात्र शून्यच हवा.

शेवटी एक मोठं फोल्डर, पन्नासेक जीबीचं, कॉपी करून बघा. सुरुवातीला वेग भरपूर, मग एकदम खाली येतो. ती फसवणूक नाही: पट्टीतला जलद साठा भरला की खरा वेग दिसतो. एसएनआयएच्या चाचणीपद्धतीत म्हणूनच कोऱ्या डिस्कचा वेग आणि स्थिरावल्यानंतरचा वेग असे दोन वेगळे मोजतात. डब्यावर अर्थात पहिला छापतात. पण वेग हार्ड डिस्कच्याही खाली, वीस-तीस एमबीवर आला आणि कॉपी केलेल्या फायली उघडेनाशा झाल्या, तर माल खोटा असण्याची शक्यता मोठी.

'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'च्या खिडकीत डिस्कचा प्रकार 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसतोय का तेही बघा. क्लोननंतर कधीकधी 'हार्ड डिस्क'च राहतं आणि विंडोज ट्रिम (कोणती जागा आता मोकळी आहे हा एसएसडीला निरोप) द्यायच्या ऐवजी हार्ड डिस्कसारखं डीफ्रॅग करत बसतं.

## पायरी ९: जुन्या डिस्कचं काय करायचं

लगेच पुसू नका. महिनाभर बाजूला ठेवा. टॅलीचा एखादा डेटा भलत्याच फोल्डरमध्ये होता हे जीएसटीचं रिटर्न भरताना कळतं.

महिन्यानंतर, भंगारात किंवा दुसऱ्याला देण्याआधी पुसा. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण लिहून काढलं तर पुरतं. एसएसडीवर तसं करू नका, कारण लिहिलेलं नेमकं कुठे जातं ते तिचा कंट्रोलर ठरवतो आणि काही जुनी माहिती तशीच राहते. तिच्यासाठी मानकातच हुकूम आहेत: साटाला 'सिक्युअर इरेज', एनव्हीएमईला 'फॉरमॅट' किंवा 'सॅनिटाइझ'. बऱ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये किंवा डिस्क कंपनीच्या फुकट साधनात तो पर्याय असतो. साटा डिस्क 'फ्रोझन' आहे असा निरोप आला तर मशीन झोपवून पुन्हा उठवा, बहुतेकदा कुलूप निघतं. यूएसबी केसमधून हा हुकूम बऱ्याचदा पोचत नाही, तेव्हा डिस्क थेट बोर्डाला लावूनच करा. आणि त्या वेळी मशीनमध्ये दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली नको.